साडूंची छोटी लाईन

आमच्या हिंगोलीत एखादी वस्तू आवडली की माणूस आधी तिची किंमत विचारतो आणि मग तीच वस्तू नांदेडला निम्म्यात कुठे मिळते ते सांगतो. एवढं झालं की कौतुक संपलं. "वा, छान!" असं तोंडावर म्हणणं ही आमच्याकडे उसने पैसे मागण्याची प्रस्तावना समजतात. त्यामुळे नुसतं कौतुक करायला कुणाकडे जायचं असेल तर मोठी पंचाईत होते. बारशाला तेवढं जमून जातं, कारण बाळाची किंमत विचारता येत नाही.

साडूंकडे त्यांची आगगाडी बघायला निघालो तेव्हा बायकोने ऑटोतच बजावलं.

"कितीला पडली, विचारायचं नाही. खेळणं म्हणायचं नाही. आणि 'ह्याचा उपयोग काय' हा तुमचा लाडका प्रश्न तर मुळीच नाही."

"मग बोलू काय?"

"बोलायचं कशाला? वाकून बघा आणि मान हलवा. लग्नात माझ्या भावाचं गाणं ऐकताना हलवली होती, तशी."

माझे साडू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. सगळी नोकरी कालव्याच्या काठाने पाणी मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर माणसं प्लॉट घेतात, नाहीतर सकाळी फिरायला जाऊन दुसऱ्यांची शुगर काढतात. साडूंनी फ्रान्सची रेल्वे काढली. त्याचे मूळ जंतू मात्र पुण्याचे. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं केलंय, १९९८पासून ते लोकांसाठी खुलं आहे. साडू एकदा पुण्याला लग्नाला गेले आणि मुहूर्ताच्या वेळी त्या संग्रहालयात सापडले. अक्षता त्यांनी दुसऱ्या दिवशी टाकल्या म्हणतात.

पुढे मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये ल्योंला गेली आणि तिने आईबाबांना बोलावून घेतलं. सगळी भावकी आयफेल टॉवरसमोरच्या फोटोची वाट बघत होती. आला तो फोटो एका काळ्या इंजिनाचा. इंजिन अख्खं यावं म्हणून बाजूला उभी असलेली साडूंची बायको, आमची आक्का, खांद्यापासून कापली गेली होती. ल्योंच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या काठी तूर्नों नावाचं गाव आहे. तिथून दू नदीच्या घळीतून लामास्त्रपर्यंत तेहेतीस किलोमीटरची नॅरोगेज लाईन १८९१ साली सुरू झाली. १९६८ साली ती बंद पडली, तर दुसऱ्याच वर्षी गाडीवेड्या लोकांनी तिच्यावर हौसेची गाडी सुरू केली, तिचंच ते इंजिन. बंद पडलेली वस्तू परत सुरू झालेली साडूंनी सगळ्या सरकारी नोकरीत पाहिली नव्हती. त्यांना ते सहन झालं नाही.

"आणि पॅरिस?" मी विचारलं होतं.

"वेळ नाही मिळाला," साडू म्हणाले. मागून आक्का म्हणाली, "महिनाभर होतो तिथं."

तर हा फ्रान्स आता साडूंच्या पुढच्या खोलीत एका दरवाजावर वसला आहे. दरवाजा म्हणजे दरवाजाच, सागवानी, चार फूट बाय दोन फूट कापलेला. तो पूर्वी स्वयंपाकघराला होता. स्वयंपाकघराला हल्ली पडदा आहे. आम्ही आत शिरलो तेव्हा आक्काने पडद्यातूनच "या" म्हटलं. त्या एका अक्षरात दरवाजाचा सगळा इतिहास होता.

"पाहुणे, वाकून बघा," साडू म्हणाले. "डोळे रुळाच्या पातळीला आणा."

मी वाकलो. माझ्या वयाला आणि पोटाला रुळाची पातळी हे सोपं ठिकाण नाही. पण खरं सांगायचं तर खाली गेल्यावर 'वा' म्हणायचं मला सुचलं नाही, इतकं ते सुंदर होतं. पिवळट भिंतींचं, लाल कौलांचं बुटकं स्टेशन. समोर चिनाराच्या जातीतली, साल सोललेल्या खोडांची झाडं. त्यांच्याखाली पन्हाळी पत्र्याची सित्रोएन व्हॅन. एका कॅफेबाहेर दोन टेबलं आणि त्यावर बाटली, तीही तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. एक बाई पाव घेऊन चाललेली. झाडाखाली चार म्हातारे वाकून उभे, पायाशी मोहरीएवढे लोखंडी गोळे.

"हे काय हरवलंय त्यांचं?" बायकोने विचारलं.

"पेतांक खेळतायत."

"म्हणजे गोट्याच की."

साडूंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. मग त्यांनी एक बटण फिरवलं आणि डोंगराच्या बोगद्यातून एक इंजिन आणि मागे दीड डबा असा ऐवज बाहेर आला. दीड अशासाठी की दुसरा डबा अजून बांधायचा होता. त्याला चाकं आणि तळ होता, छत पोस्टात अडकलं होतं.

"काय दिसलं?" साडूंनी विचारलं.

इथे माझा घात झाला. मला वाटलं होतं की बघणं हेच काम आहे. ही तोंडी परीक्षा असल्याची कल्पना बायकोने दिली नव्हती.

"गाडी दिसली," मी म्हणालो. "काळी आहे."

"वळणावर पुढच्या चाकांनी काय केलं?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. मीही हलवली. साडूंनी गाडी परत फिरवली आणि मला सांगितलं की हे मॅलेट इंजिन आहे. आनातोल मॅलेट नावाच्या इंजिनिअरची ही अक्कल. लांब इंजिन अवघड वळणावर अडकतं, म्हणून त्याने चाकांचे दोन संच केले. मागचा संच इंजिनाला पक्का बसवला आणि पुढचा मोकळा ठेवला, तो आधी वळून घेतो. वाफसुद्धा दोनदा कामाला लावली, आधी मागच्या सिलिंडरात आणि तिथून सुटलेली पुढच्यात. हे सगळं माझ्या बोटाएवढ्या इंजिनात होत होतं, म्हणजे वाफ सोडून. ही गाडी बारा व्होल्टवर चालते. मी तिसऱ्या फेरीला खरंच पुढची चाकं आधी वळताना पाहिली आणि मला इतका आनंद झाला की तोंडातून गेलंच, "कितीला पडलं हो हे?"

परतताना ऑटोत कुणी बोललं नाही.

पुढच्या खेपेला मी अभ्यास करून गेलो. कौतुक करायचं तर माहितीनिशी करावं. पॉल देकोव्हिल नावाच्या एका फ्रेंच माणसाचं बीट शेतात चिखलात अडकायचं. आमच्याकडे वसमतला पूर्णा कारखान्याच्या वाटेवर ऊस अडकतो तेव्हा आपण ट्रॅक्टरवाल्याचा उद्धार करतो. ह्या गृहस्थाने १८७५च्या सुमारास रूळ आणि पट्ट्या एकत्र जोडून त्यांचे तयार तुकडेच केले. माणसांनी उचलायचे, चिखलावर टाकायचे, वर ढकलगाडी सोडायची. बीट निघालं, मग पॅरिसच्या १८८९च्या प्रदर्शनात साठ सेंटिमीटर लाईनवर त्याने माणसं नेली, साठ लाखांवर. आयफेल टॉवर त्याच प्रदर्शनातला. झाडं रुळाला इतकी लागून होती की डोकं-पाय बाहेर काढू नका अशा पाट्या म्हणे अनेक भाषांत लावल्या होत्या. मराठीत होती की नाही कोण जाणे. असती तरी आम्ही ती टपावर बसून वाचली असती.

हे सगळं मी साडूंना एका दमात म्हणून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ती साठ सेंटिमीटर. ही एक मीटर. संबंध काय?"

हे गेज, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, प्रकरण फार नाजूक आहे हे तेव्हा कळलं. साडूंचा फ्रान्स सत्त्याऐंशी पटीने लहान केलेला आहे. का सत्त्याऐंशी, शंभर का नाही, असं विचारायचं नसतं. जगात पुष्कळ ठिकाणी तसंच करतात. एक मीटरला सत्त्याऐंशीने भागलं की साडेअकरा मिलिमीटर येतात, म्हणून रूळ बारा मिलिमीटरचे. माणूस दोन सेंटिमीटरचा. उलट हिशेब केला तर साडूंची सगळी रेल्वे, डोंगर, बोगदा, कॅफेसकट, एकशे सहा मीटरची भरते. म्हणजे हिंगोली डेक्कन स्टेशनच्या फलाटाच्या लांबीत अख्खा फ्रान्स मावून वर चहाच्या गाड्याला जागा उरेल. साडूंना हे मी कौतुक म्हणून सांगितलं होतं. त्यांनी तसं घेतलं नाही.

बघायला येणाऱ्यांची रीघ मग वाढतच गेली. बायकोचे मूर्तिजापूरचे मामा आले. ते शकुंतलेच्या प्रदेशातले. मूर्तिजापूरहून एका अंगाला यवतमाळ आणि दुसऱ्या अंगाला अचलपूर अशी ती नॅरोगेज, साहेबाच्या कंपनीची. मँचेस्टरला घडलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत चाललं. मामांनी साडूंची गाडी पाहिली आणि शकुंतलेच्या आठवणी सुरू केल्या. त्या संध्याकाळी तीन वेळा चहा झाला आणि लामास्त्रची गाडी बोगद्यातच उभी राहिली. मामांचं म्हणणं एवढंच की आमच्या गाडीतून उतरून, शेजारच्या शेतात बोरं खाऊन पुन्हा तिच्यातच चढता यायचं, इथे ती सोय दिसत नाही. निघताना मामांनी विचारलं, "आमच्या शकुंतलेचे रूळ ह्या मापात किती होतील?"

"सातशे बासष्ट भागिले सत्त्याऐंशी," साडू म्हणाले, "नऊ मिलिमीटरला थोडे कमी."

मामांना ते लागलं. लामास्त्रपेक्षा तीन मिलिमीटर बारीक! ते जेवायला थांबले नाहीत.

दसऱ्याचं प्रदर्शन बघून आलेली पोरं आली. रामलीला मैदानावर आकाशपाळणा असतो, मौत का कुआँ असतो, बसायची छोटी गाडीसुद्धा असते. "ह्याच्यात बसायचं कुठून?" ह्या त्यांच्या प्रश्नाला फ्रान्सकडे उत्तर नव्हतं. गल्लीतले एक होतकरू पुढारी आले. २०२४ साली जालन्याची मुंबई जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढवली, तेव्हापासून आमच्या भागात कुठलीही गाडी दिसली की ती कुठून तरी कुठे तरी वाढवून मागायची सवय लागली आहे. त्यांनी दरवाजासमोर उभं राहून, हात जोडून, फोटो निघेपर्यंत थांबून सांगितलं की ही गाडी मुंबईपर्यंत नेल्याशिवाय आपण स्वस्थ बसणार नाही. साडू म्हणाले, "साहेब, ती गोल फिरते." "गोल तर गोल," साहेब म्हणाले, "पण व्हाया मुंबई."

खंडेनवमीला आक्काने सूड घेतला. शस्त्रांची, यंत्रांची पूजा असते, तेव्हा घरातली शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर ह्यांच्या बरोबरीने मॅलेट इंजिनही पाटावर आलं. आक्काने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. सहा सेंटिमीटरचं फूल म्हणजे त्या मापात सव्वापाच मीटरचं. कॅफेवर ठेवलं असतं तर कॅफे बंद झाला असता. चिमणीत कुंकू गेलं ते गेलंच. अजून वळणावर जोरात गेलं तर इंजिन थोडं लाल फुंकतं आणि तेवढ्यापुरती वाफही वाटते.

हळदीचं संकट मात्र खरं. हळदीचा हंगाम आला की आमच्याकडे बाजाराजवळच्या घरांत सगळंच पिवळं होतं. गाडीची वीज रुळातून चाकात जाते. रुळावर पिवळी पूड बसली की वीज जात नाही आणि गाडी आचके देत थांबते. ल्योंच्या मुलीने व्हिडिओ बघून विचारलं, "बाबा, तिकडे ऑटम आहे का? झाडं किती छान पिवळी केलीत." साडूंनी हो म्हणून टाकलं. मग रोज खोडरबर घेऊन रूळ पुसण्याचं काम सुरू झालं. एवढा मोठा माणूस खोडरबर घेऊन फ्रान्सवर पालथा पडलेला बघून पोस्टमन एकदा पार्सल न देताच गेला. त्यात डब्याचं छत होतं.

पालीचं तर विचारू नका. एका संध्याकाळी पंधरा सेंटिमीटरची पाल छतावरून थेट स्टेशनात उतरली. सत्त्याऐंशीने गुणा. तेरा मीटरचं जनावर फलाटावर, समोर पावाची बाई. नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. लाईट आली तेव्हा पाल नव्हती आणि गोट्या खेळणाऱ्यांतला एक म्हातारा नव्हता. साडू अजून तीन म्हाताऱ्यांकडे बघून गप्प होतात. उरलेले तिघे आपले खेळतायत.

एवढं होऊनही "ह्याचा उपयोग काय" हे मी कधी विचारलं नाही. विचारलं ते शेजारच्या वकिलांनी. साडूंचं उत्तर तयार होतं. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लिगोची प्रयोगशाळा होते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या. विश्वाच्या दुसऱ्या टोकाला काही आदळलं तर त्या नळ्यांची लांबी प्रोटॉनपेक्षाही कितीतरी कमी अंतराने बदलते, ते मोजायचं. २०२३ साली मंजूर झालेला खर्च दोन हजार सहाशे कोटी. "त्याचा उपयोग काय असं दुधाळ्यात जाऊन विचारा," साडू म्हणाले, "आणि मग माझ्याकडे या. माझा तर नुसता एक दरवाजा गेलाय." वकील निरुत्तर झाले, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

खरे कौतुक करणारे भेटले ते मात्र अण्णा. अण्णा मागच्या गल्लीत राहतात, रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून निवृत्त. पूर्णा, वसमत, हिंगोली, वाशिम, अकोला ही लाईन मीटरगेज होती तेव्हाचे. २००८ साली मोठी लाईन झाली आणि अण्णांना अजून ती मनातून मान्य नाही. ते आले, त्यांनी चप्पल बाहेर काढली, हात मागे बांधले आणि न बोलता दरवाजाभोवती एक फेरी घातली.

"ही छोटी लाईन व्हय?"

"हो अण्णा. फ्रान्सची. एक मीटर."

"मंग आपली किती व्हती?"

"तीही एक मीटरच."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. "म्हंजे समदी नौकरी मी फ्रान्सातच केली म्हना की."

आणि ते अगदीच चूक नव्हतं. मीटर हे माप फ्रेंचांचं. क्रांतीच्या धामधुमीत दोन माणसं डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत जमीन मोजत फिरली, त्यातून ते निघालं. १८७०च्या सुमारास इकडे स्वस्तातल्या रेल्वेसाठी रुंदी ठरवायची होती. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंना वाटत होतं की हिंदुस्थानात लवकरच मेट्रिक मापं येणार, म्हणून तीन फूट-काही इंचांऐवजी सरळ एक मीटर धरला. मेट्रिकचा कायदा आला १९५६ साली. तोवर आमच्या आज्यापणज्यांनी मीटरच्या गाडीतून पायलीने ज्वारी नेली. साडूंनी हे सगळं अण्णांना सांगितलं. अण्णांनी ते ऐकलं नाही. ते वाकून रूळ बघत होते.

"ह्या सांध्याला कुलूप न्हाई."

"अण्णा, हे मॉडेल आहे."

"आसंल. कुलूप न्हाई ते न्हाई." मग त्यांनी विचारलं, "गोळा कुठंय?"

एकेरी लाईनवर पुढच्या स्टेशनचा गोळा यंत्रातून निघाल्याशिवाय गाडी सोडत नसत, तो वेताच्या रिंगमध्ये घालून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, हे अण्णांनी समजावलं. साडूंनी सांगून पाहिलं की गाडी एकच आहे, समोरून दुसरी येणार नाही.

"यकच हाय म्हनूनच जपायची," अण्णा म्हणाले. "गोळ्याबिगर गाडी सोडली तं माझी नौकरी जाईन."

"अण्णा, तुम्ही निवृत्त झालात."

"मंग पेन्शन जाईन."

तेव्हापासून अण्णा रोज संध्याकाळी येतात. आक्काच्या तुळशीमाळेचा एक तुटका मणी त्यांनी गोळा म्हणून ठेवला आहे. तो हातात घेऊन ते "लाईन क्लिअर" म्हणतात, तेव्हा साडू बटण फिरवतात. ज्या माणसाने मोठमोठ्या दरवाजांतून पाणी सोडलं, तो आता स्वतःच्या घरात स्वतःच्या गाडीसाठी परवानगीची वाट बघत बसतो. मला वाटलं होतं की साडू चिडतील. पण पुढची चाकं आधी वळतात, हे अण्णांना पहिल्याच फेरीला दिसलं होतं. त्या एका गोष्टीवर साडूंनी त्यांना सगळा फ्रान्स देऊन टाकला.

मागच्या रविवारी मी तिथेच होतो. ल्योंहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या ऑफिसातल्या फ्रेंच मैत्रिणी शेजारी बसल्या होत्या, त्यांना हिंगोलीतली लामास्त्रची गाडी बघायची होती. साडूंनी फोन आक्काकडे दिला, केस नीट केले आणि बटणाकडे हात नेला.

"हात काढा," अण्णा म्हणाले.

"काय झालं?"

"ब्लॉक घेतलाय. बोगद्याच्या पल्याड रूळ उचकटलाय. काम झाल्याबिगर गाडी न्हाई."

साडूंनी फोनकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. मग पडेल आवाजात म्हणाले, "बाळा, आज गाडी रद्द आहे."

तिकडे मुलीने मैत्रिणींना फ्रेंचमध्ये काहीतरी सांगितलं. खूप हसण्याचा आवाज आला.

"बाबा, त्या म्हणतायत की अगदी हुबेहूब झालंय. आज इथेही रेल्वेचा संप आहे. आम्ही सगळ्या चालत आलो."

साडूंचा चेहरा जसा फुलला, तसा इतक्या दिवसांत माझ्या कुठल्याच कौतुकाने फुलला नव्हता. अण्णांनी मणी खिशात टाकला आणि फोनच्या जवळ सरकले.

"संप? तिकडंबी युनियन हाय व्हय? माझं नाव घाल म्हनाव त्यायला. वर्गनी किती ते बी इचार."